शलमोनाच्या खाणी आणि नायकुंडची भट्टी

भिलाईत राहणाऱ्या वाचकांस लोखंडाविषयी काही सांगू पाहणे म्हणजे नदीकाठच्या माणसास पाण्याचे गुण सांगण्यासारखे आहे, हे मी जाणतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएट संघ यांच्यामध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि राजहऱ्याच्या डोंगरांतील तांबडा दगड येथे येऊन वितळू लागला. ज्यांचे आयुष्य या कामात गेले त्यांना भट्टीचे शास्त्र शिकविण्याचे काही कारण नाही. परंतु लोखंड कसे काढतात हे ठाऊक असणे निराळे, आणि माणसाने ते पूर्वी कोठे व कसे काढले, ते काढणारी माणसे कोण होती, हे ठाऊक असणे निराळे. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जे देश फार कसोशीने खणले गेले त्यांत बायबलचा देश अग्रगण्य आहे. तेथील धातुसंशोधनाची हकीकत आपणांस दोन कारणांनी मननीय वाटेल. एक तर त्या हकीकतीच्या मध्यभागी एका कल्पित पोलादनगरीची उभारणी आणि तिचा निरास आहे. दुसरे असे की, तेच प्रश्न नागपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यानच्या भूमीत आपल्या पायांखाली पडून आहेत.

बायबलच्या जुन्या करारात धातूंचे उल्लेख ठिकठिकाणी येतात. इस्राएल लोकांना जो देश मिळावयाचा त्याचे वर्णन करताना, तेथील दगड लोखंडाचे असून डोंगरांतून तांबे निघते, असे म्हटले आहे. सपाटीवरील कनानी लोकांजवळ लोखंडी रथ होते, म्हणून त्यांची भीती वाटे. पलिष्ट्यांचा महावीर गल्याथ याचे चिलखत पितळेचे होते, पण त्याच्या भाल्याचे टोक सहाशे शेकेल वजनाच्या लोखंडाचे होते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तर एक मोठी सूचक गोष्ट आहे. इस्राएलात लोहार उरला नव्हता. फाळ, कुदळी व कुऱ्हाडी यांना धार लावून घेण्यासाठी तेथील शेतकऱ्यांस पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि त्याबद्दल ठरीव दाम मोजावा लागे. एखाद्या जित राष्ट्राची लाचारी याहून थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितली असेल.

या एका उताऱ्यावरून विद्वानांनी एक सिद्धांत उभारला. लोखंड गाळण्याचे गुपित प्रथम आनातोलियातील हित्ती लोकांपाशी होते. त्यांचे राज्य इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास कोसळल्यावर ते गुपित पलिष्ट्यांच्या हाती आले. त्यांनी ते मुठीत ठेवून इस्राएलास दाबून टाकले. आणि दावीद राजाने त्यांचा पराभव केला तेव्हा लोखंड सर्वांना मोकळे झाले. सिद्धांत सुटसुटीत होता आणि पाठ्यपुस्तकांतून पुष्कळ वर्षे नांदला. तथापि मूळ उतारा नीट वाचला असता असे दिसते की, त्यात लोखंड हा शब्द येतच नाही. तेथे लोहाराचा, म्हणजे मूळ भाषेत केवळ कारागिराचा, निर्देश आहे; तो कोणत्या धातूचे काम करीत होता हे सांगितलेले नाही. ग्रंथाने जे म्हटले नव्हते ते वाचकांनी त्यात घातले, आणि मग ते जमिनीतून काढण्यासाठी माणसे कुदळी घेऊन निघाली.

त्यांतील पहिला नामांकित मनुष्य म्हणजे ब्रिटिश संशोधक फ्लिंडर्स पेट्री. टेकाडाचे थर व त्यांतील खापरे यांवरून काळ ठरविण्याची पद्धती ज्यांनी घालून दिली त्यांपैकी हा एक. गाझाच्या दक्षिणेस तेल जेम्मे नावाचे पांढरीचे टेकाड आहे; बायबलातील गरार ते हेच असे त्याने मानले आणि १९२६-२७ मध्ये तेथे उत्खनन केले. तेथे त्याला काही भट्ट्या मिळाल्या. प्रदेश पलिष्ट्यांचा, भट्ट्या सापडलेल्या, आणि शमुवेलाचा उतारा सर्वांच्या तोंडी. तेव्हा या लोखंडाच्याच भट्ट्या होत, असा निर्णय देण्यास पेट्रीला फारसा विचार करावा लागला नाही. त्या मातीची भांडी भाजण्याच्या असाव्यात, असे आता मानले जाते. लोखंडी वस्तूंच्या मोजदादीनेही पलिष्ट्यांची मक्तेदारी टिकली नाही. जेन वाल्डबॉम या अमेरिकन विदुषीने १९७८ मध्ये पूर्व भूमध्य प्रदेशातील प्राचीन लोखंडी वस्तूंचा आढावा घेतला, तेव्हा त्या काळचे लोखंड एकट्या पलिष्ट्यांच्या वस्त्यांत एकवटलेले नाही, असे दिसून आले.

परंतु खरी बोधप्रद कथा पुढची आहे. नेल्सन ग्लूक हा अमेरिकन पंडित धर्माने यहुदी, व्यवसायाने रब्बी आणि वृत्तीने भटक्या होता. यार्देनेच्या पूर्वेचा सारा मुलूख त्याने उंटावरून व पायी पालथा घातला आणि शेकडो प्राचीन स्थळांची नोंद केली. अकाबाच्या आखाताच्या टोकाशी, समुद्रापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, तेल-एल-खेलेफे नावाचे एक लहानसे टेकाड आहे. शलमोन राजाने, म्हणजे ज्याला इंग्रजीच्या संस्काराने आपण सॉलोमन म्हणतो त्याने, आपली गलबते ज्या एस्योन-गेबेर बंदरात बांधली ते बंदर हेच असावे, असा तर्क फ्रिट्झ फ्रांक या जर्मन प्रवाशाने केला होता. ग्लूकने १९३८ ते १९४० या काळात तेथे तीन हंगाम उत्खनन केले. एका मोठ्या इमारतीच्या भिंतींत त्याला ओळीने छिद्रे दिसली, विटा जळून लाल झालेल्या दिसल्या. अराबाच्या खोऱ्यातून उत्तरेचा सोसाट्याचा वारा सतत वाहत असतो. ग्लूकने या तीन गोष्टींची सांगड घातली. छिद्रे म्हणजे धुराडी व वाऱ्याच्या वाटा, तांबडेपणा म्हणजे भट्टीची आच, आणि वारा हाच भाता! तांबे व लोखंड शुद्ध करणारा हा प्राचीन जगातील एक मोठा कारखाना असून तो शलमोनाने इ. स. पूर्व दहाव्या शतकात उभारला, असे त्याने जाहीर केले. आणि त्या स्थळाला त्याने नाव दिले 'पॅलेस्टाईनचे पिट्सबर्ग'.

या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. १९३८ साली अमेरिकेतील कोणाही सुशिक्षित माणसास राष्ट्राचे सामर्थ्य म्हणजे पोलाद आणि पोलाद म्हणजे पिट्सबर्ग असेच वाटत होते. मोठा राजा असेल तर त्याचा मोठा कारखाना असलाच पाहिजे, ही समजूत दहाव्या शतकातील नव्हे, विसाव्या शतकातील आहे. बायबलात शलमोनाच्या खाणींचा उल्लेख नाही, आणि एस्योन-गेबेर येथे धातू गाळल्याचाही नाही. तेथे आहेत ती गलबते. 'शलमोन राजाच्या खाणी' हा शब्दप्रयोग लोकांच्या कानांत बसला तो रायडर हॅगर्डच्या १८८५ मधील कादंबरीने. म्हणजे या शोधाला धर्मग्रंथाचा जितका आधार होता तितकाच कादंबरीचा आणि गिरणी-कारखान्यांच्या युगाचा होता. भिलाईकरांनी तरी ग्लूकला हसू नये. ज्याच्या डोळ्यांसमोर चोवीस तास धुराडी आहेत त्याला भिंतीतले प्रत्येक छिद्र धुराड्याचे वाटले, तर त्यात नवल नाही.

या कारखान्याचा निरास केला तो ग्लूकबरोबर छायाचित्रकार म्हणून हिंडलेल्या बेनो रोथेनबर्ग याने. त्याने १९६२ मध्ये एक साधा प्रश्न विचारला. येथे धातू गाळला जात होता, तर मळी कोठे आहे? भट्टीतून वाहून गेलेली ती काळी, काचेसारखी मळी, जिला आपण कारखान्यात स्लॅग म्हणतो, ती कुजत नाही, गंजत नाही, आणि चोरून नेण्याजोगीही नसते. माणसे जातात, राजे जातात, भट्टीच्या भिंती पावसात विरघळतात, पण मळी राहते. तेल-एल-खेलेफे येथे तिचे ढीग नव्हते. मग ती छिद्रे कशाची? विटांच्या भिंती बळकट व्हाव्यात म्हणून आडवी लाकडे घालण्याची रीत त्या प्रदेशात जुनी आहे. ती लाकडे आगीत जळाली, त्यांच्या जागा पोकळ राहिल्या आणि भोवतीच्या विटा भाजून लाल झाल्या. १९६५ मध्ये ग्लूकने स्वतः लेख लिहून आपले मत मागे घेतले. कारखाना म्हणून जी इमारत त्याने जगापुढे ठेवली होती ती कोठार असावी, असे त्याने मान्य केले. त्या वेळी तो आपल्या क्षेत्रातील अत्यंत विख्यात पुरुषांपैकी एक होता; दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १९६३ मध्ये, 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले होते. अशा उंचीवर उभे राहून पंचवीस वर्षांचे प्रतिपादन सोडून देणे हे, माझ्या मते, ते पिट्सबर्ग खरे निघण्यापेक्षा मोठे काम होय. पुढे गॅरी प्रॅटिको याने १९८० नंतर तेथील खापरांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा शलमोनाच्या शतकातील खापरच तेथे नाही, वस्ती मुख्यतः इ. स. पूर्व आठव्या शतकापासूनची आहे, असे निष्पन्न झाले. कारखाना गेला तो गेलाच, राजाही गेला.

येथे ही कथा संपती, तर तिचे तात्पर्य फार सोपे झाले असते. ग्रंथ खोटा, कुदळ खरी, एवढे म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण संशोधनाची वाट तितकी सरळ नसते. त्याच आखाताच्या उत्तरेस तिम्ना नावाची दरी आहे. तेथे तांब्याच्या खाणी आहेत आणि मळीचे खरेखुरे ढीग आहेत. ग्लूकने याही खाणी शलमोनाच्या ठरविल्या होत्या. रोथेनबर्गने तेथे अनेक वर्षे काम केले आणि १९६९ मध्ये तेथे एक लहानसे देऊळ उघडकीस आणले. ते निघाले मिसरी देवता हाथोर हिचे. आतील वस्तूंवर मिसरच्या एकोणिसाव्या व विसाव्या राजवंशांतील राजांच्या नाममुद्रा होत्या. म्हणजे काळ इ. स. पूर्व तेराव्या-बाराव्या शतकांचा, शलमोनापूर्वीचा. खाणी मिसरच्या राजांच्या, असे ठरून विषय मिटला असे सर्वांस वाटले.

तोही पुरता मिटला नव्हता. तिम्नाच्या उत्तरेस, जॉर्डन देशातील फैनानच्या परिसरात खिर्बेत-एन-नहास म्हणून स्थळ आहे; या अरबी नावाचा अर्थच तांब्याचे उजाड गाव असा होतो. थॉमस लेव्ही आणि मोहम्मद नज्जार यांनी तेथे २००२ पासून उत्खनन केले. मळीचा ढीग त्यांनी सहा मीटरांहून अधिक खोल कापत नेला आणि प्रत्येक थरातील कोळशाचे कार्बन-१४ पद्धतीने कालमापन केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील मोठ्या प्रमाणावरील काम इ. स. पूर्व दहाव्या व नवव्या शतकांत पडते. तिम्नातही एरेझ बेन-योसेफ याच्या उत्खननातून काही भट्टीस्थळे मिसरी अंमलानंतरची, अकराव्या-दहाव्या शतकांतील ठरली. म्हणजे शतक पुन्हा शलमोनाचे आले. पण राजा परत आला नाही. या खाणी चालविणारे लोक एदोमच्या वाळवंटात तंबू ठोकून राहणारे असावेत, असे बेन-योसेफचे मत आहे. ज्यांनी दगडी वाडे बांधले नाहीत त्यांना राज्य असू शकते हेच आम्ही विसरलो होतो, असे तो म्हणतो. याही मतावर वाद चालू आहे, आणि तो असावा हेच योग्य आहे.

या सर्व उलथापालथीत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक लहान गोष्ट. तिम्नामध्ये एका टेकडीवर भट्ट्यांचे अवशेष असून तिच्याभोवती दगडी कूस आहे. कूस पाहून ग्लूकला वाटले की, ही गुलामांना कोंडण्यासाठी असावी. वाळवंटातली ती आच, तो धूर, ते कष्ट मनुष्य स्वेच्छेने कशाला पत्करील? म्हणून त्या जागेला 'गुलामांची टेकडी' असे नाव पडले. पुढे त्या टेकडीवरील उकिरडे चाळण्यात आले. भट्टीजवळ काम करणाऱ्यांच्या वाट्याला शेळ्या-मेंढ्यांच्या मांसाचे उत्तम भाग येत होते, असे तेथील हाडांवरून दिसले. वाळवंट ओलांडून आणलेले भूमध्य समुद्रातील मासे ते खात. कुसाच्या दरवाजाशी गाढवांचे तबेले होते, आणि जनावरांच्या शेणात दूरच्या बागायती मुलखातून आणलेल्या द्राक्षांच्या चोथ्याचे अंश मिळाले. २०२१ मध्ये तर तिम्नातील काही कापडांच्या तुकड्यांत समुद्री शिंपल्यांपासून काढलेला जांभळा राजवर्ण ओळखण्यात आला. हे गुलामांचे राहणे नव्हे. भट्टी केव्हा तापली, वारा किती सोडावा, मळी केव्हा वाहू द्यावी, हे ज्यांना कळत होते ते त्या समाजातले मानकरी होते. ग्रंथ हाती घेऊन जो राजाला शोधीत गेला त्याला कारागीर दिसला तो गुलाम म्हणून. उकिरडा ज्याने मन लावून चाळला त्याला कारागीर दिसला तो माणूस म्हणून. जुन्या जगाच्या संशोधनाचे सारे मोल या फरकात आहे.

आता लोखंडाकडे वळू. मिसरच्या तूतनखामेनच्या थडग्यातील लोखंडी खंजीर उल्केच्या लोखंडाचा आहे, हे २०१६ मधील परीक्षणाने निश्चित झाले. अर्थात जमिनीतील दगडापासून लोखंड काढण्याची कला सार्वत्रिक होण्यापूर्वी आकाशातून पडलेले लोखंड राजांच्या कंबरेला शोभत होते. हित्तींची मक्तेदारी हे मतही आता मागे पडले आहे. दगडापासून लोखंड काढल्याचा त्या प्रदेशातील सर्वांत स्पष्ट पुरावा मिळाला तो जॉर्डनमधील झर्का नदीकाठच्या तेल हम्मे या टेकाडावर. १९९६ पासून तेथे झालेल्या उत्खननांत मळी, भट्टीचे तुकडे आणि वारा आत सोडण्याच्या मातीच्या नळ्या मिळाल्या, काळ इ. स. पूर्व ९३० च्या सुमाराचा. या स्थळाविषयी बायबलात एक कथाही नाही. कोणा राजाचे नाव त्याला चिकटलेले नाही. कदाचित त्यामुळेच ते इतके निर्मळपणे वाचता आले.

ग्रंथ आणि कुदळ यांची ही ओढाताण आपल्याकडेही घडली आहे. ब्रजवासी लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर खणले, तेव्हा गंगेच्या पुराच्या खुणा मिळाल्या. पुराणांत तसा पूर सांगितला आहे, म्हणून महाभारताचा काळ सापडला असे अनेकांस वाटले. गंगाखोऱ्यात लोखंड बाहेरून व उशिरा आले, हाही समज त्या दशकांत दृढ होता. पुढे उत्तर प्रदेशात चंदौली जिल्ह्यातील मल्हार येथे राकेश तिवारी यांच्या उत्खननात लोखंडाचे अवशेष व भट्ट्या मिळाल्या, आणि त्यांचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात मागे गेला. (आपल्या बिलासपूरकडील मल्हार ते हे नव्हे.) २३ जानेवारी २०२५ रोजी तमिळनाडू सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालात शिवगळै येथील कालमापनांवरून हा काळ इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेला आहे. आपण जगात पहिले, हे ऐकण्यास गोड लागते. पण ग्लूकची कथा ध्यानात असलेल्या वाचकाने अशा प्रसंगी टाळी वाजविण्यापूर्वी रोथेनबर्गचा प्रश्न विचारावा: मळी कोठे आहे, भट्टी कोठे आहे, आणि ज्या वस्तूचे कालमापन झाले तिचा लोखंडाशी संबंध किती निकटचा आहे?

या प्रश्नाला ज्या स्थळाने सरळ उत्तर दिले ते आपल्या विदर्भात आहे. नागपूरच्या आसमंतात दगडांच्या गोल रांगा मांडून केलेली शेकडो शिलावर्तुळे आहेत. शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले. त्यांखाली पुरलेल्या माणसांबरोबर लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, सुऱ्या आणि घोड्यांचा साज मिळतो. नागपूर विद्यापीठातून आणि पुढे डेक्कन कॉलेजातून डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी अशी एकामागून एक स्थळे खणून या लोकांचा इतिहास उभा केला. परंतु एवढे लोखंड आले कोठून? ते येथे गाळलेले की बाहेरून आणलेले? पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे देव व डॉ. अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात जे उत्खनन केले त्यात याचे उत्तर मिळाले. वक्र आकाराच्या विटांनी रचलेली एक लहान गोल भट्टी, भात्याचा वारा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि मळी अशी सारी साधने तेथे एकत्र निघाली. काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा. भिलाईच्या एखाद्या अभियंत्याला ती भट्टी खेळण्यासारखी वाटेल. पण त्या भट्टीतील लोखंड वितळत नव्हते हे लक्षात घेतले पाहिजे. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारे १५३८ अंश उष्णता लागते. लाकडी कोळसा आणि हातभाता यांची तेवढी शक्ती नव्हे. त्यापेक्षा कमी आचेवर मळी वाहून जाई आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरे; तो पुन्हा तापवून व ठोकून त्यातली उरलीसुरली मळी झाडावी लागे. यंत्राने जे आपोआप होते ते तेथे हाताच्या व डोळ्यांच्या अनुभवाने होत होते. नायकुंडच्या त्या माणसाचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. परंतु एस्योन-गेबेरच्या कारखान्यापेक्षा त्याची ती वीतभर भट्टी अधिक खरी आहे.

नायकुंडहून पूर्वेस दुर्गच्या मुलखाकडे यावयाचे तर फार लांब यावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्गचा कारभार नागपूरहूनच चालत असे, हे आपल्यांतील जुन्या घराण्यांना ठाऊक आहे. राजहऱ्याच्या लोहखनिजाची नोंद १८८७ च्या सुमारास भूस्तरीय सर्वेक्षणातील प्रमथनाथ बोस यांनी केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात कामासाठी गेले असता त्यांनी समोरच्या संग्रहालयात भूस्तरांचा नकाशा पाहिला. दुर्ग जिल्ह्यावरील गडद रंग त्यांच्या डोळ्यांत भरला आणि ते येथे आले. खनिज उत्तम निघाले, पण सोयीचा कोळसा व पाणी जवळ नव्हते. म्हणून तो कारखाना पूर्वेस साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरास गेला. ही झाली आधुनिक कथा. पण १९५६-५७ मध्ये, म्हणजे भिलाईचे पाये खणले जात असतानाच, याच जिल्ह्यात आणखी एक खोदकाम चालू होते. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित, ज्यांनी सिरपूरच्या विहारांचे उत्खनन केले, ते धनोरा येथील महापाषाणी दफने उकलीत होते. तेथे अशी सुमारे पाचशे दफने त्यांनी नोंदविली. करकाभाट, सोरर अशा शेजारच्या गावीही तीच परंपरा दिसते. हा टापू आता बालोद जिल्ह्यात मोडतो. राजहऱ्याच्या खाणीही त्याच जिल्ह्यात. खनिजाचे डोंगर आणि दगडांखाली झोपलेले हे लोक असे शेजारी आहेत. त्यांचा परस्परांशी संबंध कितपत होता हे केवळ शेजारावरून ठरवू नये, एवढे शहाणपण तरी आपणांस अकाबाच्या टेकाडाने शिकविले आहे. ते भट्टी आणि मळीच ठरवील.

छत्तीसगड व मंडला या भागांत लोखंड गाळणारी एक जमात अगदी अलीकडेपर्यंत आपला धंदा करीत होती. ती अगरिया. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या दंतकथांत लोहरीपूर नावाचे नगर आहे, तेथे लोगुंडी राजा राज्य करीत होता, आणि सूर्याशी त्यांचे हाडवैर होते. लोहासुर, कोयलासुर व आग्यासुर ही त्यांची दैवते म्हणजे लोखंड, कोळसा आणि आग. लोहरीपूर शोधण्यास अद्याप कोणी मोहीम काढलेली नाही; कारण त्या कथेच्या पाठीशी ना धर्मपीठ आहे, ना सत्ता. वस्तुतः ज्यांनी ती कथा सांगितली त्यांच्या हातांत भट्टीही होती आणि मळीही. जंगलातील कोळशावर आलेले निर्बंध, भट्ट्यांवरील कर आणि बाजारातील स्वस्त परदेशी लोखंड यांनी त्यांचा धंदा बसविला. शमुवेलाच्या उताऱ्यातील शेतकऱ्याला फाळाला धार लावण्यासाठी परक्याच्या दारी जावे लागले, याची आपणांस हळहळ वाटते. आपल्याच शेजारी लोहार असून त्याची भट्टी विझली, याची नोंद मात्र थोड्यांनीच घेतली.

नोकरीच्या निमित्ताने आपण या मुलखात आलो आहोत. आपल्यांतील कोणी खाणींवर आहे, कोणी रेल्वेत, कोणी रस्ते व पाटबंधारे यांच्या कामावर, कोणी जंगलखात्यात. जुन्या मळीचे ढीग प्रथम दिसतात ते अशांनाच. आणि खडीसारखी सोयीची म्हणून ती प्रथम नाहीशी होते तीही अशाच कामांत. तेव्हा रानात एखाद्या ओढ्याकाठी काळी, जड, काचेरी ढेकळे एके ठिकाणी पडलेली दिसली, तर ती उचलू नयेत, उकरू नयेत. जागा टिपून ठेवावी, गावाचे नाव लिहावे, शेजारच्या वृद्धांस विचारावे आणि ती माहिती पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. त्या ढिगाला कोणा राजाचे नाव देण्याची घाई करू नये. ग्लूकने पंचवीस वर्षांनी जे मागे घेतले ते आपण आधीच न बोललो, तर बिघडत नाही. ज्या हातांनी तो ढीग केला त्यांच्याविषयी बोलणारा दुसरा साक्षीदार नाही. आणि रस्त्याखाली गेलेली साक्ष कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.